आधी हेडफोनचा कागद काढ, मग अ‍ॅम्पचा

ती एक्सेल शीट आधी मीट बघू. तू पाठवलीस तेव्हा चहा गार होईपर्यंत वाचत बसले आणि खरं सांगू का, मलाच धाप लागली. इतके अ‍ॅम्प, प्रत्येकाचे डझनभर आकडे, विकृतीच्या, म्हणजे डिस्टॉर्शनच्या रकान्यात शून्यांची रांग, आणि शेवटी तूच लिहिलंयस, ‘म्हणजे नक्की काय???’ अगं, एवढं घाबरण्यासारखं काही नाही त्यात. घराचं कर्ज काढताना बँकेतल्या माणसाला व्याजाच्या हिशेबात पकडणारी तू. त्यापुढे हे गणित म्हणजे किरकोळ. फक्त सुरुवात भलत्या टोकाकडून झाली. अ‍ॅम्पचे कागद पसरून बसलीस आणि ज्याच्यासाठी अ‍ॅम्प घ्यायचा, त्या हेडफोनचा कागद खोक्यातच राहिला.

तर काढ तो खोका. तुझा बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, २५० ओहमवाला. कागदावर बरंच काही छापलंय, पण आपल्याला दोनच आकडे हवेत. एक, इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, २५० ओहम. दुसरा, सेन्सिटिव्हिटी ९६ डेसिबल, एका मिलीवॅटला. म्हणजे एक मिलीवॅट वीज दिली की हा हेडफोन कानाशी ९६ डेसिबलचा आवाज काढतो. एक मिलीवॅट बरं का, वॅटचा हजारावा भाग. आपल्या मिक्सरवर पाचशे-सातशे वॅट लिहिलेले असतात, त्यामुळे आपल्याला उगाच वाटतं की इथेही काहीतरी दणदणीत लागणार. नाही लागत.

आता किती मोठा आवाज हवा ते ठरवू. रात्री सगळं आवरल्यावर तू ऐकतेस तो सरासरी आवाज ७०-७५ डेसिबलच्या आसपास धर. पण गाण्यात उसळ्या असतात. तबल्याची थाप, सतारीचा झाला, वाद्यवृंद एकदम उसळतो ती जागा. या उसळ्या सरासरीपेक्षा वीस-पंचवीस डेसिबल वर जातात, कधी त्याहून जास्त. म्हणून थोडा वाव ठेवून ११० डेसिबलपर्यंतची सोय असावी असं म्हणू. ९६ पासून ११० पर्यंत १४ डेसिबल. तीन डेसिबल वाढवायचे तर वीज दुप्पट लागते, दहा वाढवायचे तर दहापट. चौदाला साधारण पंचवीसपट. म्हणजे तुला लागणार २५ मिलीवॅट. पंचवीस! आणि तू हजार आणि दोन हजारच्या रांगेत उभी होतीस.

याच्यापुढे एकच पायरी, तीही सोपी. मिलीवॅटवरून व्होल्ट काढायचे. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ०.०२५ गुणिले २५० म्हणजे ६.२५, त्याचं वर्गमूळ अडीच. तुझ्या हेडफोनला अडीच व्होल्ट हवेत. झालं. गॅस बुकिंगचा नंबर लिहितेस ना कपाटाच्या दाराला आतून, तिथेच लिहून ठेव: २५ मिलीवॅट, अडीच व्होल्ट. अ‍ॅम्पचं कोणतंही पत्रक आलं की हे दोन आकडे आधी बघायचे.

एक खोच मात्र लक्षात ठेव, कारण इथे भलेभले फसतात. सेन्सिटिव्हिटी काही कंपन्या एका मिलीवॅटला सांगतात, काही एका व्होल्टला. एकेजीच्या के ७०२ वर १०५ लिहिलंय, तुझ्यावर ९६. वाटतं, तो नऊ डेसिबलनी सरस. पण त्याचे १०५ हे एका व्होल्टचे आहेत आणि त्याचा इम्पीडन्स ६२ ओहम. मिलीवॅटमध्ये आणलं तर ते जेमतेम ९३ भरतात. उलट तुझ्या ९६ ला व्होल्टमध्ये आणलं तर १०२ होतात. म्हणजे एकाच फोनला दोन्ही लावले तर एकेजीच थोडा मोठा वाजेल, पण तो वीज जास्त खाईल. गोंधळलीस? साहजिक आहे. एवढंच कर: दोन हेडफोनची तुलना करताना आकड्यामागचं एकक वाच. डाळीचा भाव पाव किलोचा आहे की किलोचा हे बघितल्याशिवाय तू पिशवी उघडत नाहीस, मला माहीत आहे.

आता मी काय म्हणते ते रागावू नकोस. कदाचित तुला अ‍ॅम्पची गरजच नसेल.

फोनला लावायचं ते छोटं शेपूट असतं ना, यूएसबी-सीचं डोंगल, त्यातली बरी डोंगलं साधारण एक व्होल्ट देतात. एका व्होल्टला तुझा हेडफोन १०२ डेसिबलपर्यंत जातो. हल्लीची सिनेमातली गाणी रेकॉर्डिंग तयार करतानाच पिळून मोठी केलेली असतात, त्यांना हे भरपूर होतं. अडचण येते ती ख्यालाच्या संथ आलापीला, जुन्या मैफिलींच्या रेकॉर्डिंगला, जी मुळातच हळू भरलेली असतात. तिथे आवाज शंभर टक्क्यांवर नेऊनही ‘अजून थोडं हवं होतं’ असं वाटतं. तुझी तक्रार हीच होती ना? ‘लतादीदी नीट ऐकू येतात, पण विलंबित लागलं की लॅपटॉप दम तोडतो.’ बघ, तक्रार अगदी खरी होती. फक्त कमी काय पडतंय ते कळत नव्हतं. कमी पडतायत व्होल्ट, आणि तेही फार नाहीत. एकावरून अडीचवर जायचंय.

तुझा लॅपटॉप कोणता ते मात्र एकदा बघ. मॅकबुक प्रो २०२१ किंवा त्यानंतरचा असेल, नाहीतर २०२२ चा किंवा नंतरचा एअर, तर त्याचं हेडफोनचं भोक स्वतःच ओळखतं की समोर किती ओहमचा हेडफोन आहे. १५० ओहमच्या खाली असेल तर सव्वा व्होल्टपर्यंत देतं, त्याच्या वर असेल तर तीन व्होल्ट. अ‍ॅपलनेच तसं लिहून ठेवलंय. तीन व्होल्टला तुझा हेडफोन १११ च्या पुढे जातो. तसं असेल तर मिटलं, त्या पैशांत दिवाळीला दुसरं काहीतरी घे. आणि जुना विंडोजवाला लॅपटॉप असेल, जो अर्धा-एक व्होल्ट देतो, तर मग अ‍ॅम्प घे आणि मनात काही किंतु ठेवू नकोस.

समज, घ्यायचाच आहे. आता अ‍ॅम्पचं पत्रक हातात घेऊ.

पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरांत वॅट लिहिलेले असतात. ही ओळ मला लग्नाच्या स्थळाच्या माहितीसारखी वाटते गं. ‘मुलाचं उत्पन्न उत्तम.’ अरे उत्तम म्हणजे किती, महिन्याचं की वर्षाचं, हातात येणारं की कागदावरचं, आणि घराचा हप्ता वजा केला की उरतं किती? तसंच इथे विचारायचं: एवढे मिलीवॅट किती ओहमला? दोन्ही चॅनेल मिळून की एकेका चॅनेलला? सलग देता येतील की क्षणभराच्या उसळीचा आकडा आहे? आणि किती विकृतीपर्यंत मोजलंय? कारण आवाज फाटेपर्यंत ताणून मोजला तर आकडा हवा तेवढा फुगतो. या प्रश्नांची उत्तरं पत्रकात नसतील तर तो अ‍ॅम्प मी तरी यादीतून काढते.

उत्तरं देणारं एक पत्रक दाखवते. जेडीएस लॅब्ज नावाची अमेरिकेतली छोटी कंपनी आहे, तिचा अ‍ॅटम. पत्रक म्हणतं, ३२ ओहमला १ वॅट, १५० ओहमला ५०२ मिलीवॅट, ६०० ओहमला १२५ मिलीवॅट. आता बाई, ओहम वाढले तशी ताकद का घटली? तर मघाचंच वर्गमूळ काढ. ६०० ला साधारण ८.७ व्होल्ट. १५० ला? तेही ८.७ च. म्हणजे हा अ‍ॅम्प ८.७ व्होल्टपर्यंत हात उंच करू शकतो, त्याच्यापुढे नाही. ३२ ओहमला मात्र ५.७ व्होल्टच निघतात, कारण तिथे व्होल्ट संपायच्या आधी करंट संपतो. मोठ्या ओहमचे हेडफोन व्होल्ट मागतात, छोट्या ओहमचे करंट मागतात. हे एवढं कळलं ना, की निम्मं पत्रक आपोआप वाचता येतं.

आता तुझा २५० ओहम त्यात कुठेच छापलेला नाही म्हणून हिरमुसू नकोस. ८.७ चा वर्ग भागिले २५०, म्हणजे ३०० मिलीवॅट. तुला हवे होते २५. बारापट जास्त आहे. खरं तर गरजेपेक्षा जास्तच, कारण तुझ्या हेडफोनला झेपणारी ताकद कंपनीने १०० मिलीवॅट सांगितलीय. म्हणून अ‍ॅम्प कोणताही आण, हेडफोन डोक्यावर चढवायच्या आधी नॉब शून्यावर आणायची सवय लाव. आणि शेजारच्या अ‍ॅम्पवर दोन वॅट लिहिलंय म्हणून तो दुप्पट मोठा वाजेल असं समजू नकोस. दुप्पट वॅट म्हणजे फक्त तीन डेसिबल, नॉबचं जेमतेम एक बोट. कानाला दुप्पट वाटायला दहापट लागतात.

सगळ्यांनाच असं पंचवीस मिलीवॅटमध्ये भागतं असं नाही हं. हायफायमॅनचा एचई-६ नावाचा एक प्लेनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याचा हेडफोन आहे, त्याची सेन्सिटिव्हिटी ८३.५. त्याला ११० डेसिबलसाठी साडेचारशे मिलीवॅट लागतात. तुझ्या अठरापट! आणि त्याचा इम्पीडन्स फक्त ५० ओहम. त्यामुळे ‘ओहम कमी म्हणजे चालवायला सोपा’ हे दुकानातलं वाक्य एका कानाने ऐकायचं आणि दुसऱ्या कानाने सोडून द्यायचं. उद्या तुला तसल्या प्लेनर हेडफोनचा मोह झाला, आणि होईल, मी तुला ओळखते, तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांड.

यानंतरचा आकडा छोट्या अक्षरांत, खाली कुठेतरी असतो, आणि माझ्या मते वॅटइतकाच महत्त्वाचा आहे. आउटपुट इम्पीडन्स. अ‍ॅम्पचा स्वतःचा आतला अडथळा. हा जितका कमी तितका बरा. ढोबळ नियम असा, की हेडफोनच्या ओहमला आठाने भाग, त्याच्या खाली अ‍ॅम्पचा आकडा हवा. तुझ्यासाठी २५० भागिले आठ, म्हणजे ३१. बहुतेक आजचे अ‍ॅम्प एक-दोन ओहमच्या आत असतात, त्यामुळे तू निर्धास्त. पण ३२ ओहमचा हेडफोन असेल तर मर्यादा चारवर येते, आणि मग जुन्या रिसीव्हरचं किंवा साध्या ऑडिओ इंटरफेसचं हेडफोनचं भोक नापास होऊ शकतं.

का, ते सांगते. हेडफोनचा इम्पीडन्स पत्रकावर एकच आकडा असला तरी प्रत्यक्षात सुरागणिक बदलतो. सेन्हायझरचा एचडी ६०० घे. नावाला ३०० ओहम, पण खर्जाकडे, शंभर हर्ट्‌झच्या आसपास, तो पाचशेच्या वर चढतो. आता १९९६ च्या आयईसी ६१९३८ या मानकात हेडफोनला १२० ओहमच्या स्रोतातून जोडायची शिफारस होती. तसल्या अ‍ॅम्पला हा हेडफोन लावला तर बाकीचे सूर साधारण तीन डेसिबल दबतात, पण खर्ज पावणेदोनच दबतो. म्हणजे खर्ज सव्वा डेसिबल वर आला. कुणी म्हणेल ‘काय गोलाई आहे!’ आणि खरंच, व्हॉल्व्हच्या काही अ‍ॅम्पची गोडी यातूनही येते. आवडली तर आवडली, त्यात गैर काही नाही. पण ती ऊब कुठून आली ते आपल्याला माहीत असावं. प्लेनर हेडफोनचा इम्पीडन्स जवळजवळ सपाट असतो, त्यांना या भानगडीचा त्रास नाही. सगळ्यात जास्त फटका बसतो तो एका कानात चार-चार इवले ड्रायव्हर बसवलेल्या इअरफोनना. त्यांचा इम्पीडन्स कुठे चाळीस, तर कुठे दहा. तिथे दहा ओहमचा अ‍ॅम्प जोडला तर गाण्याचा तोंडवळाच बदलतो.

इअरफोनवरून आठवलं. तुझ्या शीटमध्ये ‘गेन: हाय’ या शब्दासमोर तू चांदणी काढलीयस. पूस ती. गेन म्हणजे आत आलेला सिग्नल कितीपट करायचा. डॅकमधून, म्हणजे डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवणाऱ्या डबीतून, साधारण दोन व्होल्ट येतात. तुला हवेत अडीच. म्हणजे सव्वापट. साडेसहापट गेन घेऊन तू काय करणार आहेस? नॉब सकाळच्या आठच्या काट्यावरून पुढे सरकणारच नाही. आणि स्वस्तातल्या नॉबचा स्वभाव असा, की अगदी सुरुवातीच्या भागात डावा-उजवा कान सारखा वाजत नाही. मी पहिला अ‍ॅम्प निव्वळ वॅट बघून आणला होता, तेव्हा त्याला इअरफोन लावून किती दिवस समजत होते की माझा उजवा कान गेला. कान डॉक्टरांना दाखवायला निघालेच होते गं! असो. पत्रकात गेनच्या दोन पायऱ्या असाव्यात आणि खालची पायरी एकपट किंवा त्याच्या आसपास असावी, एवढं बघ.

दुसरी गोष्ट, तो ‘स्स्स’ आवाज. यासाठी सगळे सिग्नल-टू-नॉइज रेशो बघतात. शंभर डेसिबल, एकशेवीस डेसिबल. पण कशाच्या मानाने शंभर? समज, पाच व्होल्टच्या मानाने शंभर डेसिबल असेल, तर अ‍ॅम्पची स्वतःची खरखर ५० मायक्रोव्होल्ट झाली. ती तुझ्या डीटी ९९० मधून १६ डेसिबलची ऐकू येईल. म्हणजे येणारच नाही, कारण रात्रीची शांत खोलीसुद्धा तीसेक डेसिबलची असते. आणि तीच खरखर शुअरच्या एसई ५३५ सारख्या, एका मिलीवॅटला ११९ डेसिबल देणाऱ्या इअरफोनमधून? ४७ डेसिबल. गाणं थांबलं की सतत पावसाची भुरभुर. अ‍ॅम्प तोच, आकडा तोच, बघ. म्हणून तू ट्रेनमध्ये वापरतेस ते इअरफोनही याच अ‍ॅम्पला लावणार असशील, तर खरखर मायक्रोव्होल्टमध्ये किती ते शोध. पाचच्या आत असेल तर डोळे मिटून घे.

आता ज्याने तुझी झोप उडवली तो विकृतीचा रकाना. ०.००१ टक्के चांगले की ०.०००१? दोन्ही सारखेच गं, कानाला. तुझ्या हेडफोनची स्वतःची विकृती कंपनी ०.२ टक्क्यांपर्यंत सांगते. म्हणजे ०.००१ च्या दोनशेपट. गाण्यातली ०.१ टक्क्याची विकृतीसुद्धा पकडायला भल्याभल्यांना जड जातं. या रकान्यावर एवढंच बघायचं, की ०.०१ च्या खाली आहे ना? आहे. पुढे चल. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचंही तसंच, २० ते २०,००० हर्ट्‌झ आणि पुढे ‘अधिक-उणे अमुक डेसिबल’ लिहिलंय ना, बास. नुसते हर्ट्‌झ लिहून डेसिबल गाळले असतील तर त्या ओळीला काही अर्थ नाही.

हे सगळं मी इतकं ठासून सांगते त्यामागे एक गोष्ट आहे. २०११ मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय अशा टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंजिनिअरने ओ-टू नावाचा अ‍ॅम्प तयार केला आणि त्याचा आराखडा जगाला फुकट देऊन टाकला. त्याचं म्हणणं होतं की नीट मोजमाप करून बनवला तर साध्या, सहज मिळणाऱ्या भागांतूनही असा अ‍ॅम्प होतो की भारीतल्या भारी अ‍ॅम्पपुढे कानाला फरक कळू नये. आउटपुट इम्पीडन्स अर्धा ओहम, दोन गेन, सगळी मोजमापं उघड. कित्येकांनी तो घरी बसून जुळवला. पुढच्या वर्षी हा माणूस लिहायचा थांबला तो थांबलाच, आणि तो होता कोण हे कधी जाहीर झालं नाही. पण त्याच्यामुळे गिऱ्हाईक आकडे मागायला शिकलं आणि आज मध्यम किमतीतही स्वच्छ अ‍ॅम्प मिळतो, यात त्याचा वाटा आहे असं मला वाटतं. म्हणून ‘पन्नास हजारांच्या खाली काही अर्थ नाही’ असं सांगणाऱ्याला गोड हसून नमस्कार करायचा.

बॅलन्स्ड आउटपुटसाठी जीव टाकू नकोस. त्यात व्होल्ट दुपटीपर्यंत मिळतात, ते एचई-६ वाल्यांना उपयोगी पडतात. तुला केबल बदलावी लागेल आणि डीटी ९९० प्रोची केबल आतून पक्की केलेली आहे, सुटत नाही. विषय संपला.

घरातल्या विजेचं मात्र बघावं लागेल, ते कुठल्याच पत्रकात नसतं. लॅपटॉप चार्जिंगला असताना हेडफोनमध्ये ‘घूंऽऽ’ येत असेल, तर अ‍ॅम्पला शिव्या देण्याआधी चार्जर काढून बघ. थांबलं तर दोष बहुधा अर्थिंगचा. जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगची तार अनेकदा जोडलेलीच नसते, इलेक्ट्रिशियनला एकदा तपासायला सांग. ते तसंही फ्रिजसाठी करून घ्यायला हवंच आहे. आणि भावाला अमेरिकेतून आणायला सांगणार असशील तर नीट ऐक. अ‍ॅटमसारख्या काही अ‍ॅम्पचा अडॅप्टर म्हणजे साधा ट्रान्सफॉर्मर असतो, मोबाइलच्या चार्जरसारखा कुठल्याही व्होल्टेजला चालणारा नाही. तिकडचा १२० व्होल्टचा इकडे २३० ला लावलास की धूर. मागवतानाच २३० वाला निवडायचा, नुसती पिन बदलून काम होत नाही.

दुकानात ऐकायला जाशील तेव्हा एक लबाडी सांभाळ. दोन अ‍ॅम्पमधला जो एखाद-दुसऱ्या डेसिबलनेही मोठा वाजतो, तो कानाला ‘जास्त चांगला’ वाटतो. विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. नॉबच्या खुणा बघून सारखे लावले असं होत नाही, कारण दोघांचा गेन वेगळा. त्यामुळे दुसऱ्याचा आवाज स्वतःच्या हाताने खाली-वर करत पहिल्याइतका आणायचा आणि मगच मत द्यायचं. शक्यतो डोळे मिटून. दुकानदार हसला तर हसू दे.

कानांचंही सांगून ठेवते, रागाव हवं तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबल आठवड्याला चाळीस तास चालतं, आणि ९० डेसिबल फक्त चार तास. आपण मघाशी ११० धरले ते क्षणभराच्या उसळीसाठी, बसून ऐकण्यासाठी नव्हेत. बाहेर कुकरची शिट्टी झाली म्हणून आवाज वाढवायचा आणि नंतर कमी करायला विसरायचं, हे आपल्या सगळ्यांचंच होतं. तुझा हेडफोन तर उघड्या पाठीचा, बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं सगळं बाहेर जातं. तेव्हा कुकर उतरल्यावर ऐकायला बस, आणि शेजारी कुणी झोपलं असेल तर त्यालाही तुझा मारवा ऐकावा लागेल याची कल्पना दे.

आता यादीतून मला फक्त तेवढेच अ‍ॅम्प पाठव ज्यांना २५० ओहमला निदान तीन व्होल्ट निघतात, आउटपुट इम्पीडन्स दोनच्या आत आहे, खालचा गेन एकपट आहे आणि वस्तू परत घेण्याची सोय आहे. तेवढ्यातून दिसायला आवडेल तो घे, टेबलावर रोज डोळ्यांसमोर राहणार आहे तो. आणि हो, खोक्यात तळाशी एका बारक्या पिशवीत एक सोनेरी तुकडा असेल, स्क्रूसारखा फिरवून बसवायचा. तो ६.३५ मिलिमीटरचा अडॅप्टर आहे, टेबलावरच्या बहुतेक अ‍ॅम्पना तेवढं मोठं भोक असतं. खोका रद्दीत द्यायच्या आधी तो काढून घे.